दात पांढरे केल्यानंतरचं फ्लोराइड

दातांचं ब्लीचिंग केल्यावर वरचं कवच, म्हणजे इनॅमल, थोड्या दिवसांसाठी जरा मऊ पडू शकतं आणि ते परत घट्ट व्हायला फ्लोराइड मदत करतं. मराठवाड्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, अहो फ्लोराइडनंच तर दात खराब होतात ना? नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या गावांत बोअरच्या पाण्याचा हा त्रास लोकांना माहितीय, त्यामुळं प्रश्न काही चुकीचा नाही, पण ती भानगड वेगळी. पाण्यातून जास्तीचं फ्लोराइड लहानपणी, साधारण ८ वर्षांच्या आत, पोटात गेलं तर हिरडीच्या आत तयार होणारा दातच नीट घडत नाही आणि त्यावर पांढरे नाहीतर तपकिरी डाग येतात. पाण्यासाठी आपल्याकडचं मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. मोठ्या माणसाच्या वर आलेल्या दाताला बाहेरून लावलेल्या फ्लोराइडनं असले डाग पडत नाहीत.

इनॅमल वजनानं जवळपास ९६ टक्के खनिजच असतं. क्लिनिकमधे ३५ ते ४० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात, घरी दातांच्या मापाच्या ट्रेमधे घालायला बहुतेक १० टक्क्यांचं कार्बामाइड पेरॉक्साइड देतात, ते इनॅमलमधून आत जाऊन रंगाचे कण तोडतं, जाता जाता वरच्या थरातलं थोडं खनिजही सुटतं आणि गार पाणी प्यायलं की दातातून सणकन कळ जाते. लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटनं बरंचसं आपोआप भरून येतं. फ्लोराइड असलं की दातावर कॅल्शियम फ्लोराइडचा बारीक साठा बसतो, आंबट काही खाल्लं की त्यातून फ्लोराइड सुटतं आणि खनिज परत बसताना फ्लोरअपॅटाइटसारखं, म्हणजे फ्लोराइड धरलेल्या खनिजासारखं बसतं, जे जास्त चिवट. पीएच म्हणजे आम्लपणाचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त; साधं इनॅमल ५.५ पीएचच्या आसपास विरघळायला लागतं, हे ४.५ पर्यंत तग धरतं.

क्लिनिकमधे बऱ्याचदा ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा लेप, लावतात. जेल लावायचं तर न्यूट्रल, म्हणजे आम्लधर्मी नसलेलं, बरं, कारण एपीएफ नावाचं जेल स्वतःच आम्लधर्मी असतं आणि नुकत्याच ब्लीच केलेल्या दातावर ते कशाला. घरी साधी फ्लोराइडची पेस्ट, आपल्याकडं १००० पीपीएमपर्यंतची (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग फ्लोराइड), ट्यूबवर आकडा छापलेला असतो, पुरते. घासून झाल्यावर थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे ते दातावर राहतं. कळ फारच येत असेल तर पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट. लिंबू-सोडा चोळणं बंदच, आणि मिसरी लावणाऱ्यानं ब्लीचिंगवर पैसे घालू नयेत, डाग परत येणारच.

फ्लोराइडनं दात पांढरे होत नाहीत, आणि आलेला पांढरेपणा जातही नाही. ज्यांना लहानपणापासून फ्लोरोसिसचे, म्हणजे वर सांगितलेले जास्तीच्या फ्लोराइडचे, डाग आहेत त्यांचं मात्र निराळं: ब्लीचिंगनंतर पांढरे ठिपके आधी जास्तच उठून दिसू शकतात आणि तपकिरी डागांना बऱ्याचदा मायक्रोअब्रेजन, म्हणजे वरचा अगदी पातळ थर घासून काढणं, करावं लागतं.