हळदीच्या पाण्याने फवारणीचं विष उतरतं का?

‘रोज सकाळी हळद-कडुलिंबाचं पाणी घ्या, भाजीतून पोटात गेलेलं कीटकनाशक निघून जातं, कॅन्सर होत नाही.’ गोव्यातल्या घरगुती ग्रुपांवर हा मेसेज कधीपासून फिरतोय.

हळद औषधी आहे, त्यामुळे विश्वास बसणं साहजिकच. पण तिच्यातलं कर्क्युमिन हे औषधी द्रव्य रक्तात फारच कमी शिरतं. आजची बरीचशी कीटकनाशकं यकृत आणि मूत्रपिंडं काही दिवसांत बाहेर टाकतात, हळद प्या वा न प्या. डीडीटीसारखी जुनी रसायनं मात्र चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहतात.

आयुर्वेदाला शरीरात रेंगाळणारं विष ठाऊक आहे, दूषीविष. पण तिथेही उपचाराची सुरुवात कारण टाळण्यापासून. मेसेजात नेमकं तेच गाळलेलं असतं!

जास्त धोका काजूच्या बागेत उघड्या हातांनी फवारणाऱ्याला. भाजीत अंश राहील का ते पडताळायचं तर कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक वाचा: फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. लेबलावर रंगीत त्रिकोणही असतो, पण तो तत्काळ विषबाधेची तीव्रता सांगतो. हिरवा म्हणजे कॅन्सरचा धोका नाही, असं नव्हे. तांबडी भाजी (लाल माठ) वाहत्या पाण्यात धुतली की वरवरचा अंश कमी होतो, पानात भिनलेला जात नाही.