सीईटी परत द्यायची वेळ आलीये? मग आधी दाखल्यांची फाईल उघडा

२७ एप्रिल २०२५ ला सकाळी इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) पेपरात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या, मग त्या सत्राच्या २७ हजारांवर मुलांची परीक्षा ५ मेला परत घेतली. घरोघरी परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला शिव्या बसल्या आणि ते रास्तच होतं. पण जुलैत आमच्याकडे फॉर्म भरायला आलेली जी पोरं रडवेली झाली ती मार्कांमुळे नाही, दाखल्यांमुळे. त्यामुळे पेपर रद्द झाला की अभ्यास पोराने करावा आणि तेवढ्या दिवसांत कागदांच्या मागे घरातल्या मोठ्याने लागावं.

परत होणाऱ्या परीक्षेसाठी हॉलतिकीट नवीन डाउनलोड करायचं, ओरिजिनल ओळखपत्र न्यायचं, बास. इंजिनीअरिंगला बारावीत फिजिक्स-मॅथ्स लागतंच, आणि ग्रुपच्या तीन विषयांत मिळून ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०. हे सगळ्यांना पाठ असतं.

खरा घोळ राखीववाल्यांच्या जात पडताळणीचा, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून व्हॅलिडिटी घेण्याचा. ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण १५-अ नमुन्यातलं कॉलेजचं पत्र जोडावं लागतं, त्यावर प्राचार्यांची सही, आणि मे महिन्यात कॉलेजला कुलूप! एक काका सहीसाठी चार चकरा मारून आले, पाचव्यांदा शिपायाने सांगितलं, साहेब गावाला गेलेत. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) रजिस्ट्रेशनला पडताळणी अर्जाची नुसती पावती चालते म्हणून निवांत बसू नका, वेळापत्रकात दिलेल्या तारखेपर्यंत ओरिजिनल व्हॅलिडिटी अपलोड झाली नाही की नाव सरळ ओपनमध्ये जातं.

दुसरं नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी वगैरेंना लागणारा, घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. दाखला कधी काढला ते बघू नका, कधीपर्यंत चालतो ते बघा. २०२५-२६ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध हवा होता, एका मुलीचा ३१ मार्च २०२५ ला संपलेला, आणि घरचे सांगतायत की अहो मागच्याच वर्षी तर काढलाय. परत काढायचा तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधी लागतो, म्हणजे तहसीलची एक फेरी वेगळी. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांनी) देशपातळीवरच्या जेईई परीक्षेसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला इथे पुढे करू नये, राज्याच्या नमुन्यातलाच हवा.

आणि शाळा सोडल्याचा दाखला एकदा डोळे उघडून वाचा हो. त्यावर राष्ट्रीयत्व भारतीय लिहिलेलं आणि जन्मठिकाण महाराष्ट्रातलं असेल, दहावी-बारावीही इथलीच असेल तर डोमिसाईलसाठी (राज्यातले रहिवासी असल्याच्या दाखल्यासाठी) वेगळं धावायची गरज सहसा पडत नाही. पण कित्येकांच्या दाखल्यावर जन्मठिकाणाच्या रकान्यात क्लार्कने नुसती आडवी रेघ मारलेली असते. ती रेघ दिसली की त्याच दिवशी डोमिसाईलचा अर्ज टाका.