गुत्तेदाराची पडताळणी (घरबांधणी)

घरबांधणीचे काम अंगावर देण्यापूर्वी गुत्तेदाराची नोंदणी व परवाने, काम अर्धवट राहिल्यास भरपाई देणारी हमी आणि मजूर, शेजारी व इमारत यांना संरक्षण देणारा विमा यांची कागदोपत्री खातरजमा करण्याची रीत. परवाना, हमीपत्र व विमा अशी तिहेरी तपासणी मुख्यतः अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांमुळे रूढ झाली. कॅलिफोर्नियात ठेकेदारांना परवाने देणारे मंडळ १९२९ पासून असून तेथे परवान्यासाठी हमीपत्रही द्यावे लागते. मराठवाड्यात, किंबहुना सबंध महाराष्ट्रात, खासगी घर बांधणाऱ्या गुत्तेदारासाठी असा एकच परवाना नाही. त्यामुळे येथील पडताळणी निरनिराळ्या कायद्यांखालील कागद ताडून करावी लागते.

या कल्पनेचे मूळ कोठे शोधावे याविषयी मतभेद आहेत. घर कोसळून धनी दगावल्यास बांधणाऱ्याला देहदंड सांगणारे हम्मुराबीच्या संहितेतील (सु. इ. स. पू. अठरावे शतक) कलम नेहमी उद्धृत होते, परंतु ती घटनेनंतरची शिक्षा आहे, कामापूर्वीची खातरजमा नव्हे. त्या मानाने कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातील ‘कारुकरक्षण’ हे प्रकरण विषयाला अधिक जवळचे वाटते. कारागिरांच्या हाती ठेव सोपवताना त्यांच्या श्रेणीची (व्यवसायसंघाची) पत पाहावी आणि कारागिरावर आपत्ती आल्यास ठेवीची जबाबदारी श्रेणीने घ्यावी, असा तेथील विधीचा आशय आहे. मात्र प्रकरणाचा भर विणकर, रजक, सोनार आदींवर असल्याने घरबांधणीला तो लावणे हे अनुमानच ठरते. शिवाय या ग्रंथाचा काळही वादग्रस्त आहे: परंपरेने तो इ. स. पू. चौथ्या शतकातील मानला जातो, तर अलीकडील अनेक अभ्यासक उपलब्ध संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाली असे मानतात. अमेरिकेतील १८९४ आणि १९३५ चे हमीपत्रविषयक संघीय कायदेही खासगी घरबांधणीपुरते मूळ ठरत नाहीत, कारण ते फक्त सरकारी कामांपुरते होते.

मराठवाड्यातील गुत्तेदार घरमालकासमोर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचे नोंदणी प्रमाणपत्र ठेवतो. ही नोंदणी वर्गवार असते आणि गुत्तेदाराने किती रकमेपर्यंतच्या सरकारी निविदा भराव्यात हे तिच्यावरून ठरते. सुशिक्षित बेरोजगार अभियंते व मजूर सहकारी संस्था यांचीही नोंदणी विभागाकडे होते. तिच्यावरून आर्थिक कुवत व अनुभव यांचा अंदाज येतो, पण खासगी घराच्या कामाची कोणतीही जबाबदारी विभाग घेत नाही. महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) क्रमांकही असाच गैरसमजाचा विषय होतो. तो विकासकाच्या प्रकल्पाला मिळतो, आपल्या भूखंडावर घर बांधून देणाऱ्या गुत्तेदाराला नव्हे. बांधकामातील दोषांबाबत विकासकावर असलेली पाच वर्षांची जबाबदारी त्यामुळे अशा कामाला लागू होत नाही. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांच्या पात्रता दिल्या आहेत; म्हणून नकाशावर सही करणारी व्यक्ती आणि कामावर देखरेख ठेवणारी व्यक्ती एकच आहे काय, हे वेगळे विचारावे लागते. वस्तू व सेवा कराचा क्रमांक मात्र कोणालाही संकेतस्थळावर तपासता येतो: पंधरा स्थानांपैकी पहिले दोन अंक महाराष्ट्रासाठी २७ असतात आणि पुढील दहा स्थाने पॅनची असतात, त्यामुळे करारावरील नाव व कर भरणारे नाव एकच आहे की नाही ते लगेच कळते.

अपघाताची जबाबदारी हा यातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ (त्याचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट आहे) याच्या कलम १२ नुसार, आपल्या व्यापार वा व्यवसायाच्या ओघात अथवा त्यासाठी ठेकेदाराकडून काम करवून घेणारा मुख्य मालकही ठेकेदाराच्या मजुराला भरपाई देण्यास बांधील ठरतो. स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणे हा व्यवसाय नव्हे, म्हणून घरमालक या कलमाबाहेर राहतो, असा एक अर्थ लावला जातो. परंतु तळमजल्यावर भाड्याचे गाळे आणि वर घर, अशी रचना तालुक्याच्या गावांत सर्रास आढळते आणि तेथे हा बचाव टिकेलच असे म्हणता येत नाही. बांधकाम व्यवसायानिमित्त नसले तरी मजुरांचा विमा आहे असे गृहीत धरण्यापेक्षा तो पाहूनच काम द्यावे, हे अधिक सयुक्तिक दिसते. स्लॅबच्या दिवशी मुकादम आणतो ती टोळी गुत्तेदाराच्या हजेरीपटावर बहुधा नसते, आणि उपठेकेदाराचे मजूर पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवलेले नसतील तर विमा असूनही दावा अडू शकतो. म्हणून पॉलिसीच्या परिशिष्टातील विमाधारकाचे नाव, कामाचे ठिकाण, मुदत, मजुरांची संख्या व घोषित मजुरी हे तपशील वाचावे लागतात. ठिकाणाच्या रकान्यात जालन्याचे जुने काम असेल, तर परभणीतील सेंट्रिंगवरून पडलेल्या मजुराला त्या कागदाचा उपयोग नाही. प्रत्यक्ष बांधकामासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ ही पॉलिसी असते. ती मालक व गुत्तेदार यांच्या संयुक्त नावे घेता येते व त्रयस्थाच्या हानीचाही तीत समावेश करता येतो, पण सदोष माल वा कारागिरी बदलण्याचा खर्च सामान्यतः तीतून मिळत नाही.

हमीच्या बाबतीत सरकारी कामांची चौकट स्पष्ट आहे: बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, बँक हमी आणि दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत). विमा कंपन्यांना हमीविमा (गुत्तेदाराने करार न पाळल्यास भरपाईची विमा कंपनीने दिलेली हमी) देण्याची वाट विमा नियामकाच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोकळी केली. खासगी घरकामात यांपैकी काहीच सहसा नसते. जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी दिले जाणारे हप्ते आणि अखेरचा रोखून धरलेला हप्ता हीच घरमालकाची हमी. सुरुवातीची उचल मोठी असेल तेवढी ती कमकुवत होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तर कमी नुकसान झालेल्या गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण शासकीय साहाय्यातून घरमालकांनीच करून घेतले. मिस्त्री व माल स्वतः पारखण्याचा अनुभव त्यातून अनेक कुटुंबांना मिळाला असावा.

वाद उद्भवल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवा’ या संज्ञेत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे लेखी करार, दराचा तक्ता व हप्त्यांच्या पावत्या पुरावा म्हणून सादर करता येतात.