ब्रेक पॅडची निवड आणि तापमानाचे गणित

वेगवान गाडी पहिल्यांदाच ट्रॅकवर नेणाऱ्या चालकाला काही फेऱ्यांनंतर अनेकदा एक अनुभव येतो. वळण जवळ येते, पेडल नेहमीसारखेच कडक लागते, पाय पूर्ण जोराने दाबलेला असतो, पण वेग हवा तसा उतरत नाही. कधी याच्या उलट घडते: पेडल मऊ पडते आणि तळाला जाऊन टेकते. दोन्ही वेळा ‘ब्रेक गेले’ असेच म्हटले जाते, परंतु या दोन निराळ्या घटना आहेत. पहिल्या वेळी पॅडचे, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या तुकड्यांचे, घर्षण घटलेले असते. दुसऱ्या वेळी ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत पोहोचण्याऐवजी ती वाफ दाबण्यातच संपतो. नवे पॅड घेण्याआधी आपल्या गाडीत यांपैकी काय घडते आहे हे ओळखायला हवे, कारण ऑइल उकळत असेल तर पॅड कितीही भारी बसवले तरी पेडल मऊच पडणार.

दोन्ही घटनांच्या मुळाशी उष्णता आहे, आणि ती किती असते याचा अंदाज साध्या आकडेमोडीने येतो. १५०० किलोग्रॅम वजनाच्या, ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ५८० किलोज्यूल असते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरला २३०० किलोज्यूलच्या वर जाते. अशी गाडी २०० वरून ८० वर आणायची तर सुमारे १९५० किलोज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे यातला साधारण सत्तर टक्के वाटा पुढचे ब्रेक उचलतात. म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कवर जवळपास ६८० किलोज्यूल. बीडाच्या दहा किलोग्रॅमच्या डिस्कचे तापमान एवढ्या उष्णतेने सुमारे दीडशे अंश सेल्सिअसने वाढते. हवेचा विरोध यात धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असेल. पण डिस्क पुरती निवण्याआधीच पुढचे वळण येते, आणि अशी पाच-सहा वळणे झाली की ती पाचशे अंशांच्या आसपास सहज पोहोचते. रोजच्या रहदारीत तीच डिस्क बहुतेक वेळ दोनशे अंशांच्या आत राहते. पॅडच्या निवडीचा सगळा पेच या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

‘कोणता पॅड सर्वांत जास्त पकडतो’ हा नेहमीचा प्रश्न माझ्या मते चुकीच्या दिशेने नेतो. थंड किंवा कोमट ब्रेकने एकदाच जोरात थांबायचे असेल, आणि सध्याचे पॅड चाके लॉक होण्याच्या सीमेवर आणून एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू करू शकत असतील, तर थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. अधिक घर्षण गुणांकाचा पॅड घातल्याने पायाचा जोर कमी लागेल, पण अंतर फारसे घटणार नाही. चांगल्या पॅडचा खरा गुण दहाव्या वेळी दिसतो, तेव्हाही पहिल्या वेळेइतकीच पकड मिळते का यात. शर्यतींच्या इतिहासातही हेच दिसते. इंग्लिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते, पण डिस्क ब्रेकचा धाक बसला तो १९५३ साली, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. बंद पिंपासारख्या भागाला आतून घासणारे ड्रम ब्रेक एकदा थांबवायला समर्थ होते. तासन्‌तास पुन्हा पुन्हा थांबवताना ते तापून मंदावत, आणि उघड्यावर फिरणारी डिस्क वाऱ्याने लवकर निवत असे.

पॅडच्या पोलादी पट्टीवर चिकटवलेले मिश्रण हे एक लहानसे रसायनशास्त्रच आहे. त्यात तंतू असतात, बेरियम सल्फेटसारखा भराव असतो, ग्रॅफाइटसारखी घर्षण आवरणारी द्रव्ये असतात, ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे, बहुधा फेनॉलिक प्रकारचे, रेझिन असते. सेंद्रिय मिश्रणाचा रस्त्यावरचा पॅड थंड असतानाही साधारण ०.३५ ते ०.४५ घर्षण गुणांक देतो, आवाज कमी करतो आणि डिस्कला जपतो. मात्र तीन-चारशे अंशांच्या पुढे त्याचे रेझिन विघटित होऊ लागते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे पॅड व डिस्क यांच्यातला स्पर्श सैल होतो. सुरुवातीला सांगितलेले कडक पण निष्प्रभ पेडल ते हेच. अर्धधातूच्या पॅडमध्ये लोखंडाचे तंतू व भुकटी भरपूर असते. तो जास्त तापमान सोसतो, पण उष्णता कॅलिपरकडे, म्हणजे पॅड व पिस्टन धरून ठेवणाऱ्या भागाकडे, अधिक पोहोचवतो आणि चाकांवर गंजणारी काळपट धूळ सोडतो. रस्त्यासाठी ‘सिरॅमिक’ म्हणून विकला जाणारा पॅड शांत आणि स्वच्छ असतो; नाव भारदस्त असले तरी तो ट्रॅकसाठी आहे असे मानू नये. कार्बन-सिरॅमिक डिस्कचे पॅड तर पूर्ण वेगळे असतात, आणि बीडाच्या डिस्कचे पॅड त्यांच्यावर चालवू नयेत.

शर्यतीचे पॅड सहाशे-सातशे अंशांपर्यंत टिकतील असे बनवलेले असतात. ते घेण्याचा मोह मोठा असतो, पण त्यांतले अनेक पॅड थंड असताना पुरते पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खरवडून काढतात. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला, समोर अचानक कोणी आडवे आले असता, पॅड तापण्याची वाट पाहायला वेळ नसतो. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी वेगवेगळे पॅड ठेवावेत, हा सल्ला मी निःसंकोचपणे देईन. दोन्हीकडे उत्तम चालणारा एकच पॅड शोधण्यात बहुतेक वेळा दोन्हीकडे तडजोड होते.

अमेरिकी बाजारातील पॅडच्या कडेवर दोन अक्षरे छापलेली आढळतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील, दुसरे गरम अवस्थेतील घर्षण दर्शवते: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.४५ पर्यंत, ‘जी’ म्हणजे ०.५५ पर्यंत आणि ‘एच’ त्याहून अधिक. एकाच अक्षराचा पट्टा इतका रुंद आहे, आणि चाचणीचा तुकडा इतका लहान, की या अक्षरांवरून दोन पॅडची बारीक तुलना होत नाही. युरोपातील आर ९० नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असावी लागते, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी ती खूण अधिक उपयोगी आहे. उत्पादकाने तापमान आणि घर्षण यांचा आलेख दिला असेल तर मात्र तोच सर्वांत आधी पाहावा आणि त्यातली रेषा आपल्या वापराच्या टप्प्यात सपाट आहे का ते तपासावे.

फक्त पुढचे पॅड जहाल केले तर मागच्या चाकांचा हिस्सा कमी होतो आणि मागच्या टायरची काही क्षमता वाया जाते. फक्त मागचे जहाल केले तर मागची चाके आधी लॉक होऊ पाहतात आणि गाडी फिरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून पॅड एका आसावर दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत, आणि मिश्रण बदलताना चारही चाकांचा विचार करावा.

प्रत्यक्ष बदलाचे काम अवघड नाही, पण त्यात निष्काळजीपणाला जागा नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. सरकत्या कॅलिपरमध्ये मार्गदर्शक पिनांचे बोल्ट काढून कॅलिपर उचलावा लागतो. स्थिर, अनेक पिस्टनच्या कॅलिपरमध्ये बहुधा अडकवणाऱ्या पिना काढल्या की पॅड बाहेर येतात. कॅलिपर त्याच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. पिस्टन हळूहळू मागे ढकलताना टाकीतील ऑइलची पातळी वर येते, तिच्यावर लक्ष ठेवावे, कारण सांडलेले ऑइल रंग खराब करते. मागे विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर आधी त्याची सर्व्हिस अवस्था चालू करावी. पिस्टन जबरदस्तीने ढकलल्यास त्याची यंत्रणा मोडू शकते. डिस्कची जाडी मोजून ती डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी नाही ना ते पाहावे. धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ब्रेक क्लीनरने धुवावी. उष्णता सोसणारे ग्रीस पिनांना आणि पॅडच्या मागच्या टेकूंना लावावे, घर्षणाच्या पृष्ठभागाला त्याचा थेंबही लागू नये. सर्व बोल्ट उत्पादकाने दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळावेत.

याच वेळी ऑइलचाही विचार करावा. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतली आर्द्रता शोषते, आणि ३.७ टक्के पाणी मिसळले की प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पॅड जितका पातळ, तितकी डिस्कची उष्णता पिस्टनमार्गे ऑइलकडे सोपी जाते. त्यामुळे ट्रॅकवर जाणाऱ्याने पॅड अर्धा झिजला की तो बदलण्याची तयारी ठेवावी.

काम झाल्यावर इंजिन चालू करून, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. मागे ढकललेले पिस्टन डिस्कपासून दूर असतात, आणि पहिल्या एक-दोन दाबांत पेडल सरळ तळाला जाते.

नव्या पॅडना आता रुळवायचे असते. ब्रेक केवळ घासण्याने चालत नाही; पॅडमधील द्रव्याचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो, आणि पुढचे बरेचसे घर्षण पॅड व तो थर यांच्यात घडते. म्हणून निराळ्या मिश्रणाचे पॅड घालताना डिस्कवरचा जुना थर काढून टाकणे इष्ट असते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, आणि नंतर ब्रेक न लावता गाडी चालवत डिस्क निवू द्यावी. नेमकी कृती उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करावी. डिस्क तापलेली असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवल्यास पॅडचा ठसा तिच्यावर उमटतो. ‘डिस्क वाकडी झाली’ अशी तक्रार होते तेव्हा बहुतेकदा हा असमान थरच दोषी असतो. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाडीतला फरकही पेडलमध्ये थरथर आणतो. त्या जागा वारंवार सातशे अंशांच्या आसपास तापल्या तर बीडात सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग तयार होते, आणि मग पॉलिश पेपरने घासूनही ते निघत नाही. रुळवणे नीट झाले असेल तर थंड झालेल्या डिस्कवर, कडेपासून कडेपर्यंत, एकसारखी निळसर करडी झाक दिसते.