केनशिवायची बार्बी

चीनमधल्या ग्वांगझो शहरात शामियन बेटावर, पर्ल नदीच्या काठाला, व्हाइट स्वान नावाचं हॉटेल आहे. 1990 च्या दशकात अमेरिकी वकिलात अगदी शेजारी होती, म्हणून चिनी मूल दत्तक घेतलेली अमेरिकी कुटुंबं व्हिसा मिळेपर्यंत तिथेच मुक्काम टाकत. हॉटेलातला लाल सोफा त्यांच्यात प्रसिद्ध होता. गटातली सगळी बाळं त्यावर ओळीनं बसवायची आणि फोटो काढायचा, हा रिवाज. दहा-बारा मुली, प्रत्येकीचं वय वर्षाच्या आसपास. एक शेजारणीच्या अंगावर कलंडलेली, दुसरीनं भोकाड पसरलेलं, तिसरी सगळ्यांकडे शांतपणे बघत असलेली. निघताना हॉटेलकडून एक भेट मिळायची: मॅटेल कंपनीची खास बार्बी, सोनेरी केसांची, कडेवर काळ्या केसांचं चिनी बाळ घेतलेली.

त्या खोक्यात केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार बाहुला, नव्हता. कंपनीच्या मनात काही असेल असं नाही, पण त्या हॉटेलात उतरणाऱ्या कितीतरी बायकांचं ते हुबेहूब चित्र होतं. चाळिशीच्या आसपासची, नोकरीत स्थिरावलेली, लग्न न केलेली किंवा मोडलेली बाई. सोबतीला आई, बहीण नाहीतर मैत्रीण.

ही बाई तिथवर पोचली कशी, याची गोष्ट चीनच्या बरीच आधी सुरू होते, आणि तिची सुरुवात एकट्या बाईला नकार देण्यातून होते. परदेशातून मूल आणण्याची अमेरिकेतली मोठी लाट कोरियन युद्धानंतरची. 1955 मध्ये ओरेगॉनमधल्या हॅरी आणि बर्था होल्ट या दांपत्यानं, स्वतःची सहा मुलं असताना, आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी संसदेला खास कायदा करावा लागला. पुढे होल्ट यांच्या नावानं संस्थाच उभी राहिली. कोरियातून बाळं जाण्याचा वेग नंतर इतका वाढला की 1985 या एका वर्षात साडेआठ हजारांहून जास्त मुलं देशाबाहेर गेली. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती. ही मुलं युद्धात अनाथ झालेली नव्हती, बहुतेक कुमारी मातांची होती. लग्नाशिवायच्या बाळाला घेऊन कोरियन समाजात उभं राहणं त्यांना अशक्य होतं. आणि कोरियाचा नियम असा, की मूल मिळणार ते जोडप्यालाच. म्हणजे लग्न झालेलं नाही म्हणून एकीच्या हातून मूल सुटायचं, आणि त्याच कारणासाठी दुसरीला ते मिळायचं नाही. इतका चोख नियम क्वचितच पाहायला मिळतो.

एकट्या बाईसाठी दार किलकिलं झालं ते अमेरिकेतच, आणि तेही मोठ्या मनामुळे नव्हे. 1965 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या दत्तक विभागानं अविवाहित अर्जदार घ्यायचं ठरवलं. कारण साधं होतं: कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय मुलांना पुरेशी जोडपी मिळत नव्हती. अट अशी, की ज्या मुलासाठी जोडपं सापडत नाही, तेच मूल एकट्या अर्जदाराला. जोडप्यांनी निवडून झाल्यावर उरलेल्या मुलांमधून एकटीनं घ्यायचं, हे तिथे पहिल्यांदा कागदावर आलं. पुढच्या साठ वर्षांत देश बदलले, भाषा बदलल्या, पण हे सूत्र फारसं हललं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे.

अपवाद म्हणता येईल असा एकच काळ, चीनची पहिली दहा वर्षं. 1980 च्या सुमारास एक मूल धोरण आलं आणि मुलगा हवाच असलेल्या घरांतल्या मुली बाजारात, पुलाखाली, बालगृहाच्या दाराशी ठेवल्या जाऊ लागल्या. बालगृहं भरून वाहायला लागली. 1 एप्रिल 1992 पासून लागू झालेल्या दत्तक कायद्यानं परदेशी लोकांना रीतसर परवानगी दिली. या कायद्यातलं एक कलम फार गमतीशीर ठरलं. दत्तक घेणारा निदान 35 वर्षांचा हवा आणि त्याला मूल नसावं. हे मुख्यतः चिनी नागरिकांवर डोळा ठेवून होतं, कोणी दत्तकाच्या आडून दुसरं मूल पदरात पाडून घेऊ नये म्हणून. पण अमेरिकेत, जिथे तान्ह्या बाळाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांच्या रांगेत चाळिशीच्या एकट्या बाईला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तिथे हे कलम तिच्या मापाचं निघालं. वय झालेलं, मूल नाही, पगार चांगला. तिची उणीव म्हणून जे जे मोजलं जाई, ते चीनच्या फॉर्मवर पात्रता ठरलं. एकट्या पुरुषासाठी मात्र कायदा सावध होता: मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांच्या वयात 40 वर्षांचं अंतर हवं.

प्रक्रिया लांबलचक होती. आधी होम स्टडी, म्हणजे समाजसेविकेनं घरी येऊन केलेली चौकशी. पगार किती, आजारपणात कोण, तुमच्यानंतर मुलाचं कोण. जोडप्याला हे प्रश्न विचारत नव्हते असं नाही, पण एकटीला ते ठासून विचारले जात. मग पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बँकेचं पत्र, प्रत्येक कागदावर शिक्क्यांवर शिक्के. पुढे एकट्या अर्जदारांकडून आपण समलिंगी नसल्याचं प्रतिज्ञापत्रही घेतलं जाऊ लागलं. फाइल चीनला जाऊन फोटो येईपर्यंत महिनेच्या महिने जात, आणि मूल हातात येईपर्यंत ते बहुधा बसायला, रांगायला, कधी चालायलाही लागलेलं असे. परदेशातून येणारं मूल सहसा तान्हं नसतं, त्याचं मोठं कारण या कागदांतच आहे. त्या मुलाला एव्हाना एका आयाचा वास, एका भाषेचा सूर ओळखीचा झालेला असतो, आणि एका दुपारी, थंडी असेल तर तीन-चार थरांच्या कपड्यांत गुंडाळून, त्याला एका अनोळखी बाईच्या हातात देतात. बाईच्या पर्समध्ये बालगृहाची सक्तीची देणगी: साधारण 3,000 डॉलर, शंभराच्या कोऱ्या नोटांत.

1992 मध्ये चीनमधून अमेरिकेत सुमारे दोनशे मुलं आली होती. 2005 मध्ये जवळपास 7,900. रांग वाढली, आणि रांग वाढली की पहिला धक्का कुणाला बसतो हे एव्हाना लक्षात आलंच असेल. 2001 च्या अखेरीस चीननं एकट्या अर्जदारांवर टक्केवारीची मर्यादा घातली. 1 मे 2007 पासून तर फक्त विवाहित जोडपी. त्याच यादीत लठ्ठपणाची मोजदादही होती, बॉडी मास इंडेक्स 40 च्या आत. 2011 मध्ये एकट्या बायकांना पुन्हा आत घेतलं, पण विशेष गरजा असलेल्या, बराच काळ घर न मिळालेल्या मुलांपुरतं. 1965 ची लॉस एंजेलिसची अट, चिनी अनुवादात.

मग या बायका इतर देशांकडे वळल्या. ग्वाटेमाला एकट्या आईला मूल देत होता आणि मुलं लहान मिळत. पण तिथला व्यवहार वकील आणि नोटरींच्या हातात होता. पैसे देऊन, फसवून, कधी पळवून मुलं आणल्याची प्रकरणं बाहेर आली, आणि 2007 च्या अखेरीस नवा कायदा होऊन ती वाट बंद झाली. रशियाची वाटही पुढे बंद झाली. एप्रिल 2010 मध्ये टेनेसीतल्या एका एकट्या आईनं सात वर्षांच्या दत्तक मुलाला, सोबत एक चिठ्ठी देऊन, एकट्यालाच मॉस्कोच्या विमानात बसवलं. जगभर संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण जोडप्यांच्या घरीही दत्तक मुलांचे हाल झाल्याची उदाहरणं होती, त्या वेळी ‘जोडप्यांना मूल द्यावं का’ असं कुणी विचारलं नव्हतं. 1 जानेवारी 2013 पासून रशियानं सगळ्याच अमेरिकनांना मनाई केली. 2018 मध्ये इथिओपियानं परदेशी दत्तक बंद केलं. सप्टेंबर 2024 मध्ये चीननंही, जवळच्या नात्यातल्या मुलांचा अपवाद सोडून, दार लावून घेतलं. तोवर 82,000 हून अधिक चिनी मुलं अमेरिकेत गेली होती. 2004 मध्ये सगळ्या देशांतून मिळून अमेरिकेत जवळपास 23,000 मुलं आली होती. 2023 मध्ये तेराशेही नाहीत.

यातलं पुष्कळसं चांगल्यासाठी झालं, हेही नोंदवायला हवं. परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराचा गाभाच असा आहे की मुलाला आधी त्याच्या देशात घर शोधा. आपल्याकडे तर हे त्याहून आधी, 1984 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी पाठवलेलं पत्र न्यायालयानं याचिका म्हणून घेतलं आणि न्या. भगवती यांनी परदेशी दत्तकाची नियमावलीच घालून दिली. आजची ‘कारा’ ही केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा त्यातूनच आली.

आणि भारतात एकट्या बाईचा हक्क तसा जुना. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावानं मूल घेता येत होतं. नवरा असलेलीला ते 2010 च्या दुरुस्तीपर्यंत येत नव्हतं! तरीही 2015 मध्ये, एकट्या आणि घटस्फोटित अर्जदारांना मूल द्यावं लागणार म्हणून, मिशनरीज ऑफ चॅरिटीनं आपली दत्तक केंद्रंच बंद करायचं ठरवलं.

आता अमेरिकेत मुलं पाठवणाऱ्या देशांत भारत वरच्या क्रमांकांत आहे. विदेशी एकट्या बाईच्या वाट्याला इथूनही बहुतेक मोठी किंवा विशेष गरजा असलेली मुलंच येतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या, पासपोर्ट भारतीय ठेवलेल्या मराठी बाईला मात्र ‘कारा’ निवासी भारतीयांच्याच रांगेत धरते. तिला दोन वर्षांच्या आतलं मूल मागता येतं. ती रांग तीन वर्षांहून लांब आहे, आणि 2022 च्या नियमांनुसार एवढ्या लहान मुलासाठी एकट्या अर्जदाराचं वय 40 च्या वर चालत नाही. चीनच्या 1992 च्या कायद्यात एकटी बाई 35 च्या आधी पात्रच नव्हती.