स्टिल्बाइट की ह्यूलँडाइट? : दख्खनी झिओलाइटांच्या ओळखीची पार्श्वभूमी

दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत आढळणारी झिओलाइट खनिजे (ॲल्युमिनियम व सिलिकॉनयुक्त, पाणी धरून ठेवणारी खनिजे) हाती आली की रंग, चमक, पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचा गुण), कठिनता आणि स्फटिकांचा आकार हीच लक्षणे आधी तपासली जातात. मात्र या खनिजांपैकी सर्वांत परिचित अशा स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट या दोन खनिजांच्या नावांचा गोंधळ दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्यांपैकी ह्यूलँडाइटच्या व्याख्येचा वाद १९९७ साली ज्या निर्णयाने मिटवण्यात आला, त्यामुळे हाताने आणि डोळ्याने करायच्या ओळखीचे क्षेत्र पूर्वीपेक्षा आकुंचित झाले.

दगडांची पारख भौतिक गुणांवरून करण्याची रीत फार जुनी आहे. काही दगड लोखंडाने कोरता येतात आणि काहींना दुसरा दगडच लागतो, हे ग्रीक ग्रंथात इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस नोंदवले गेले होते. सोने घासून पाहण्याची सराफांची कसोटीही याच जातीची, आणि खनिजाच्या चूर्णाच्या रंगाला मराठीत ‘कस’ हाच शब्द रूढ झाला, ही निवड अतिशय समर्पक आहे. बाह्य लक्षणांची शिस्तबद्ध परिभाषा १७७४ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंतची दहा खनिजांची कठिनतेची श्रेणी १८१२ सालापासूनची मानली जाते. ही श्रेणी फक्त क्रम सांगते. तिच्यातील दोन आकड्यांमधली अंतरे सारखी नाहीत. झिओलाइटांच्या बाबतीत तिचा उपयोग मर्यादितच राहतो, कारण बहुतेकांची कठिनता ३.५ ते ५.५ एवढ्याच पट्ट्यात येते. कस तर जवळजवळ सर्वांचा पांढराच असतो.

झिओलाइट हे नावही एका परीक्षेतूनच आले. स्वीडनमधील एका खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज तापवले असता ते उकळल्यासारखे फुगून आले, म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये या गटातील काही नमुन्यांना ‘चकाकणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून स्टिल्बाइट असे नाव मिळाले, आणि पुढच्या गोंधळाचे मूळ येथे आहे. एका दिशेतील उत्तम पाटन आणि त्या पृष्ठावरील मोत्यासारखी चमक ही लक्षणे प्रत्यक्षात दोन वेगळ्या खनिजांत आढळतात. दोहोंची कठिनता ३.५ ते ४ च्या आसपास असते आणि विशिष्ट गुरुत्वही २.१ ते २.२ इतके जवळजवळ सारखेच असते. चमक हाच मुख्य निकष धरल्यामुळे दोन्ही खनिजे एकाच नावाखाली गेली.

ती वेगळी आहेत हे १८१८ साली एका जर्मन अभ्यासकाने दाखवले. स्फटिकांच्या जुड्या बांधल्यासारख्या दिसतात त्या खनिजाला त्याने ‘जुडी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डेस्मिन हे नाव दिले आणि दुसऱ्याला वेगळे नाव दिले. चार वर्षांनी, १८२२ साली, इंग्लंडमधील एका स्फटिकशास्त्रज्ञाने, बहुधा ते काम ठाऊक नसताना, हाच निष्कर्ष काढला. मात्र त्याने जुडीसारख्या खनिजासाठी स्टिल्बाइट हे नाव कायम ठेवले आणि दुसऱ्याला एका खनिज-संग्राहकाच्या नावावरून ह्यूलँडाइट म्हटले. जगभर पुढे इंग्रजी वापर रूढ झाला, तरी जर्मन लेखनात डेस्मिन हे नाव दीर्घकाळ टिकले आणि तिथे ‘स्टिल्बिट’ हा शब्द ह्यूलँडाइटसाठीही वापरला गेला. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले तेव्हा खोदलेल्या खडकातून निघालेले उत्तम झिओलाइट नमुने युरोपातील संग्रहांत गेले. जुन्या नमुन्यासोबतची चिठ्ठी वाचताना ती कोणत्या भाषेतली आहे हे आधी पाहावे लागते, ते या इतिहासामुळे.

हातात नमुना घेतल्यावर मात्र फरक बऱ्याचदा स्पष्ट असतो. स्टिल्बाइटाचे स्फटिक मध्ये आवळलेल्या आणि टोकांना पसरलेल्या पेंढीसारखे दिसतात. ह्यूलँडाइटाचा स्फटिक उलट मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळता असतो. दोनशे वर्षांपूर्वी जे वेगळेपण चमक आणि कठिनता यांना दाखवता आले नाही, ते आकाराने दाखवले.

खरा वाद ह्यूलँडाइट आणि क्लिनॉप्टिलोलाइट हे आणखी एक झिओलाइट यांच्यातील सीमेचा आहे. या दोन खनिजांच्या अणुरचनेची चौकट एकच आहे आणि त्यांतील रासायनिक घटकांचे प्रमाण एकातून दुसऱ्यात सलग बदलत जाते. १९६० साली दोन वेगळे निकष मांडले गेले. एका मतानुसार सोडियम व पोटॅशियम हे कॅल्शियमपेक्षा जास्त असतील तर ते क्लिनॉप्टिलोलाइट म्हणावे. दुसऱ्या मतानुसार नमुना सुमारे ४५०° से. तापमानाला रात्रभर तापवावा. रचना टिकली तर क्लिनॉप्टिलोलाइट, कोसळली तर ह्यूलँडाइट. रचना टिकली की नाही हे पाहण्यासाठी क्ष-किरणे लागत असली, तरी हा निकष फुंकनळीच्या परंपरेला धरून होता, कारण त्यात खनिज तापल्यावर कसे वागते हे पाहिले जात होते. १९९७ साली झिओलाइटांच्या नामकरणासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय उपसमितीने हे दोन्ही निकष बाजूला ठेवून सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचे गुणोत्तर ४ पेक्षा कमी असेल तर ह्यूलँडाइट आणि ४ किंवा त्याहून जास्त असेल तर क्लिनॉप्टिलोलाइट, अशी सीमा आखली.

या निर्णयातील अडचण त्याच अहवालातील सर्वसाधारण नियमाशी ताडून पाहिली की लक्षात येते. केवळ या गुणोत्तरातील फरकावरून झिओलाइटांना वेगळी नावे देऊ नयेत, असा तो नियम होता. ही जोडी त्याला अपवाद ठरवली गेली, आणि त्यामागे प्रचलित वापराचे कारण होते. क्लिनॉप्टिलोलाइट हे सांडपाण्यातील अमोनियम आणि किरणोत्सर्गी पाण्यातील सीझियम काढण्यासाठी वापरले जात असल्यामुळे ते नाव उद्योगात पक्के बसले होते. ती गरज समजण्यासारखी आहे. तरीही ३.९ आणि ४.१ गुणोत्तराच्या दोन स्फटिकांत डोळ्याला, नखाला किंवा चाकूला जाणवेल असा कोणताही फरक नसताना त्यांना दोन नावे देणे खनिजशास्त्राच्या दृष्टीने समाधानकारक वाटत नाही.

त्याच अहवालाने स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट ही नावे एकेका खनिजाऐवजी मालिकांची ठरवली आणि प्रत्यक्ष खनिजाच्या नावाला स्टिल्बाइट-सीए (कॅल्शियम), स्टिल्बाइट-एनए (सोडियम) असे मुख्य धनायनाचे, म्हणजे धन विद्युतभाराच्या अणूचे, प्रत्यय जोडले. विश्लेषण झालेले नसेल तर मालिकेचे नाव वापरण्याची मुभा आहे, आणि क्षेत्रात काम करणाऱ्याने ती मोकळेपणाने वापरावी. प्रत्यय अंदाजाने लिहिण्यापेक्षा नुसते ‘स्टिल्बाइट’ लिहिणे अधिक अचूक आहे.

याच पोकळ्यांतील ॲपोफिलाइट हे झिओलाइट नाही. ते स्तरित रचनेचे सिलिकेट असून त्यात ॲल्युमिनियम हा आवश्यक घटक नसतो. त्याची कठिनता ४.५ ते ५, स्फटिकाच्या बाजूच्या पृष्ठांवर उभ्या रेघा आणि फक्त माथ्याच्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक, एवढ्यावरून ते हातात ओळखता येते.

रासायनिक विश्लेषणाने काहीच निष्पन्न होत नाही, असा प्रसंगही महाराष्ट्रातच भेटतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतील निळ्याशार कॅव्हन्साइटामुळे ते ठिकाण जगभरच्या संग्राहकांना परिचित झाले. हे खनिज आणि त्याचे भावंड पेंटॅगोनाइट या दोहोंचे वर्णन १९७३ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यातील नमुन्यांवरून झाले होते. दोन्ही कॅल्शियम व व्हॅनेडियम यांची जलयुक्त सिलिकेटे असून त्यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. फरक अणूंच्या मांडणीत आहे. वाघोलीत दोन्ही सापडतात. पेंटॅगोनाइटाचे स्फटिक पाचच्या जोडणीने एकत्र येऊन आडव्या छेदात पंचकोनी ताऱ्यासारखे दिसतात, त्यावरूनच त्याला हे नाव पडले, आणि भिंगाखाली तो तारा दिसला की दोहोंपैकी कोणते खनिज हाती आहे हे कळते.