डार्वन

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील गिरणीगाव. ब्लॅकबर्न आणि बोल्टन यांच्या मधल्या दरीत वसलेले. वस्ती सुमारे ३०,०००. गावकरी नावातला 'व' गिळून टाकतात. आधी इथे घरोघरी हातमाग होते. एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या बळावर वाफेच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पश्चिमेकडून येणारे ओले वारे सुताला मानवत, कारण दमट हवेत धागा कमी तुटतो.

मागखात्यातल्या खडखडाटात शेजारणीचे बोलणे ऐकू येत नसे. विणकर बाया मग ओठ मोठे हलवून बोलत आणि ते ओठांवरून वाचत. धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या नळीच्या, भोकातून सूत बाहेर काढायचे तर ते तोंडाने ओढावे लागे. एकच धोटा अनेकींच्या तोंडी जाई, त्याबरोबर रोगही.

गावावर आजही उभी आहे ती इंडिया मिलची चिमणी: ३०३ फूट उंच, इटलीतल्या घंटाघरांच्या धर्तीची, १८६७ मध्ये बांधलेली. धूर सोडण्यासाठी एवढा थाट कशाला, असा प्रश्न पडतो; पण मालक एक्लिस शोरॉक यांना दिमाखच दाखवायचा असावा. त्याआधी काही वर्षेच अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) कापूस येईनासा झाला होता आणि लँकेशरात उपासमार झाली होती. मुंबई बंदरातून गेलेला आखूड धाग्याचा हिंदी कापूस तिथल्या कामगारांना इतका नकोसा झाला, की 'सुरत' हे त्या कापसाचे तिथले नावच निकृष्ट मालाला लागू झाले. त्याच कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये फुगा फुटला.

गावाचा फुटबॉल संघ १८७९ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेत ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या संघाशी भिडला. गिरणीकामगारांनी ५–१ अशा पिछाडीवरून ५–५ बरोबरी साधली. बरोबरीमुळे पुन्हा सामने झाले; तिसऱ्या सामन्यात मात्र हरले.

ब्लॅकबर्न-डार्वनच्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरे विणली जात. विदेशी कापडावरील बहिष्काराने मंदीत भर पडली, माग थांबले. सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधी इथल्या स्प्रिंग व्हेल भागात मुक्कामाला राहिले. बेकारांना त्यांनी सांगितले, की तुमच्याकडे तीस लाख बेकार असतील, आमच्याकडे तीस कोटी लोक वर्षातले सहा महिने रिकामे बसतात. ज्यांच्या पोटावर पाय आला तेच त्यांचे स्वागत करत होते: त्या वेळच्या छायाचित्रात गिरणीतल्या बाया हसत हात उंचावून जयजयकार करत आहेत, आणि मधोमध हातसुताचे वस्त्र नेसलेले गांधी.

नंतर कापडापेक्षा वॉलपेपर, रंग आणि पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लॅस्टिक यांवर गाव जगले. इंडिया मिलमधले सूतकाम १९९१ मध्ये बंद पडले. पुढे तिथे कचेऱ्या आल्या.